नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती आणि ठाणे–नवी मुंबईतली फुटलेली टेबले

पारसिक (धागाकर्ता)

ठाणे आणि नवी मुंबई मिळून टेबलाभोवती बसून डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे आणि काल्पनिक पात्रे यांचा खेळ खेळणाऱ्यांची संख्या मुळातच मोजकी आहे, आणि त्या मोजक्या मंडळींतही सध्या आवृत्तीवरून उभी फूट पडलेली आहे. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी जमणारा आमचा गट २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच आवृत्तीचे सुधारित प्लेयर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचे नियमपुस्तक, बाजारात आले. निम्म्या लोकांनी ते घेतले, निम्म्यांनी घेणार नाही असे जाहीर केले, आणि या कटकटीला कंटाळलेले काही जण थेट नेरूळच्या एका जाणत्या डीएमकडे (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) गेले, जिथे १९८१ च्या बेसिक नियमांवर खेळ चालतो. आता कोणत्याच टेबलावर धड चार खेळाडू वेळेवर जमत नाहीत, पण व्हॉट्सअॅप गटावर वाद मात्र भरगच्च उपस्थितीत होतात.

हा वाद आजचा नाही, हे आधी नोंदवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या खोक्यात आला, आणि त्या पुस्तिकांत इतके काही न सांगता सोडलेले होते की प्रत्येक टेबल आपापल्या समजुतीने खेळत होते. १९७७ पासून तो प्रकाशित करणाऱ्या टीएसआर कंपनीने एकाच वेळी दोन वाटा काढल्या : नवख्यांसाठी बेसिक आणि मुरलेल्यांसाठी अॅडव्हान्स्ड. दुसऱ्या वाटेमागे गायगॅक्स यांचा एक हेतू असा होता की एका टेबलावरचे पात्र दुसऱ्या टेबलावर नेले तरी नियम तेच असावेत. अॅडव्हान्स्ड हा वेगळाच खेळ आहे अशी कंपनीची भूमिका झाल्यावर अर्नसन यांनी आपल्या मानधनासाठी १९७९ मध्ये दावा लावला आणि तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. म्हणजे खेळ जेमतेम पाच वर्षांचा असतानाच ‘खरा खेळ कोणता’ हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेलेला होता. आपण क्लबहाउसमध्ये भांडतो यात त्या मानाने नवल काही नाही.

माझे मत असे की या भांडणांत फाशांचे गणित फार थोडे असते. टेबलावर शेवटचा शब्द कोणाचा, पुस्तकाचा की डीएमचा, हा त्यातला पहिला मुद्दा. ज्या पुस्तकांत आपण पैसे आणि वर्षे घातली त्यांवर खेळायला उद्या कोणी बसेल का, ही त्यामागची धास्ती. मोठ्या शहरांतल्या मोठ्या गटांना फुटणे परवडते, कारण तिथे प्रत्येक आवृत्तीला माणसे मिळतात. आपल्याकडे फूट म्हणजे खेळच बंद.

प्रश्न साधा आहे : एकाच टेबलावर २०१४ ची आणि २०२४ ची पात्रे शेजारी बसवून कोणी नीट खेळ चालवला आहे का? चालवला असल्यास अडचण नेमकी कुठे आली?

खाडीपल्याड

चालवला आहे, कोपरखैरणेला, आणि अजून चालू आहे. साहसाच्या पुस्तकांची अडचण येत नाही. २०१४ नंतर आलेली साहसे नव्या पात्रांनी खेळता येतात, फक्त नवी पात्रे थोडी बळकट असल्यामुळे राक्षसांची संख्या वाढवावी लागते. अडचण येते ती दोन खेळाडूंच्या पात्रांचा वर्ग, म्हणजे पेशा, एकच असून पुस्तके वेगळी असतात तेव्हा.

पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचेच घ्या. २०१४ च्या पुस्तकात शस्त्राचा घाव लागला की पॅलाडिन आपला स्पेल-स्लॉट (जादू वापरण्याची मोजकी संधी) खर्च करून त्या घावावर किमान दोन आठ-बाजूंचे फासे चढवू शकतो, त्यासाठी वेगळी कृती खर्च होत नाही, आणि पाचव्या लेव्हलला दोन घाव मिळाल्यावर दोन्हींवर तसे करू शकतो. २०२४ मध्ये हाच डिव्हाइन स्माइट एक स्पेल झाला आणि त्याला बोनस अॅक्शन (पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती) लागू लागली, त्यामुळे तो एका पाळीत एकदाच होतो, शिवाय समोरचा जादूगार त्यावर तो हाणून पाडणारा काउंटरस्पेल टाकू शकतो. आमच्याकडे दोन पॅलाडिन होते. ड्रॅगनशी झालेल्या लढाईत जुन्या पुस्तकाच्या पॅलाडिनने एका पाळीत आपले दोन सर्वांत मोठे स्लॉट रिकामे केले आणि नव्या पुस्तकाचा पॅलाडिन स्वतःच्या कागदाकडे पाहत राहिला. त्याला शस्त्रांची मास्टरी मिळते, हात ठेवून बरे करणे आता बोनस अॅक्शनमध्ये होते, हे सगळे खरे; पण त्या क्षणी त्याला ते कोणी पटवून देऊ शकले नसते.

याच्या उलट एक उदाहरण देतो, म्हणजे मी जुन्याची वकिली करतो आहे असे वाटायला नको. २०१४ चा कॉन्ज्युअर अॅनिमल्स हा स्पेल टाकला की आठ लांडगे येऊ शकतात. लांडग्याला साथीदार शेजारी असला की अॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे प्रत्येक हल्ल्याला वीस-बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे एका ड्रुइडच्या (निसर्गाच्या जादूगाराच्या) एका पाळीत सोळा फासे, आणि मग लागलेल्या प्रत्येक चाव्याचे नुकसान, आणि शत्रू खाली पडतो की नाही याची तपासणी. तेवढ्या वेळात बाकीचे लोक खाली जाऊन चहा पिऊन येत. नव्या पुस्तकात त्याच्या जागी सरकत्या प्राणी-आत्म्यांचा एक कळप येतो आणि हिशेब क्षणात संपतो. ज्या डीएमने ते आठ लांडगे हाताळले आहेत तो या एका बदलासाठी नव्या पुस्तकाचे इतर अपराध माफ करील.

नौपाडकर

पारसिक यांनी ज्यांना ‘जाणता डीएम’ म्हटले आहे ते मी नव्हे, परंतु त्यांच्या टेबलावर मी खेळतो. ठाणे स्थानकावरून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून नेरूळला जातो, आणि मला कोणी सक्ती केलेली नाही.

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गृहीतक आहे की खेळ म्हणजे पात्राच्या कागदावर काय लिहिले आहे ते. जुना खेळ तसा नव्हता. १९७८ च्या अॅडव्हान्स्ड प्लेयर्स हँडबुकमधला फायरबॉल घ्या. तो सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापतो आणि जागेच्या आकाराप्रमाणे पसरतो, असे पुस्तकच सांगते. आता तुम्ही दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात उभे आहात. ३३,००० भागिले १०० म्हणजे ३३० फूट लांबीचे भुयार आगीने भरणार, दोन्ही दिशांना मिळून. जादूगाराने तो पन्नास फुटांवर टाकला तर आग परत येऊन त्याच्याच गटाला भाजून काढते. म्हणून स्पेल टाकण्यापूर्वी लोक छताची उंची विचारत, दार उघडे आहे की बंद हे विचारत, नकाशा काढणाऱ्याला मोजून सांगायला लावत. तिसऱ्या आवृत्तीपासून तो वीस फूट त्रिज्येचा ठरीव गोळा झाला. हिशेब सोपा झाला आणि भुयाराकडे पाहण्याची गरज संपली.

सापळ्यांचेही तेच. १९८१ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या थीफला सापळा सापडण्याची शक्यता १० टक्के आहे. एवढ्या भरवशावर कोणी फासा टाकत बसत नाही. तो फरशीवर पखालीतले पाणी ओततो आणि ते कुठल्या फटीत मुरते ते पाहतो, दहा फुटी काठीने पुढची फरशी दाबतो, दाराच्या बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत हे विचारतो. हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारे गुण, शून्यावर आले की पात्र मेले, आणि अनुभवाचे गुण बहुतांशी बाहेर आणलेल्या सोन्याचे मिळतात, त्यामुळे राक्षसाशी लढण्यापेक्षा त्याला चकवणे शहाणपणाचे ठरते. आजच्या टेबलावर निरीक्षणाच्या कौशल्याचा फासा टाकताना काय ऐकू येते? ‘मी पर्सेप्शन टाकतो, सतरा.’ आणि डीएम सांगतो, ‘सापडला.’ यात कोणी काय केले?

ऐरोली_सेक्टर

नौपाडकर, तुमचे फायरबॉलचे उदाहरण सुंदर आहे आणि ते भुयार मला खेळायला आवडेल. परंतु ‘सतरा, सापडला’ यावर माझा आक्षेप नोंदवते.

माझ्या टेबलावर एक मुलगी खेळते. ती अतिशय कमी बोलते, पण प्रत्येक रविवारी सर्वांच्या आधी येऊन बसते. तिचे पात्र मात्र बोलघेवडी, कावेबाज गुप्तहेर आहे, कारण तिला ते व्हायचे आहे. तुमच्या जुन्या टेबलावर तिला पाणी ओतण्याची युक्ती सुचली पाहिजे, ती चार मोठ्या आवाजाच्या पुरुषांच्या मध्ये घुसून सांगता आली पाहिजे, आणि डीएमला ती पटली पाहिजे. या तीन चाळण्यांतून जे उरते त्याला तुम्ही ‘खेळाडूचे कौशल्य’ म्हणता. माझ्या टेबलावर ती हळूच म्हणते, ‘डिसेप्शन, तेवीस,’ आणि कोतवालाला तिचे म्हणणे पटते. मग मी तिला विचारते की तू त्याला काय सांगितलेस, आणि ती सांगते. आता थोडे अधिक सांगते, पूर्वीपेक्षा. नियम हा ज्याला आवाज नाही त्याचा आधार असतो, हे केवळ टेबलावरच खरे आहे असे नाही.

दुसरे असे की ‘डीएमचा शब्द शेवटचा’ ही व्यवस्था डीएम चांगला असेपर्यंत चांगली. एका टेबलावर, जे कुठले ते मी सांगणार नाही, डीएमच्या धाकट्या भावाची प्रत्येक युक्ती चालत असे आणि इतरांच्या पायाखालची फरशी प्रत्येक वेळी खचत असे. त्या वेळी पुस्तकात बोट ठेवायला एखादी ओळ असती तर बरे झाले असते.

नौपाडकर

भावाचा मुद्दा मान्य. न बोलणाऱ्या खेळाडूचा मुद्दा अर्धा मान्य. चांगला डीएम पाळीपाळीने प्रत्येकाला विचारतो आणि त्यासाठी १९८१ च्या पुस्तकात सोयही आहे, कारण तिथे वेळ दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत मोजतात आणि प्रत्येक फेरीत कोण काय करतो हे विचारावेच लागते. तुमच्या मुलीला आमच्याकडे पाठवा असे मी म्हणणार नाही, पण तिला एकदा विचारा.

चौथा_मजला

दोन्ही पक्ष आपापल्या जागी रमलेले पाहून चौथ्या आवृत्तीची बाजू मांडण्याचे धाडस करतो. नेहमीप्रमाणे हशा होईल याची कल्पना आहे.

जून २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा तिच्यावर सर्वांत मोठा आरोप होता की ती संगणकावरच्या ऑनलाइन खेळांची नक्कल आहे : प्रत्येक पात्राला सतत वापरण्याच्या, चकमकीत एकदाच वापरण्याच्या आणि दिवसातून एकदाच वापरण्याच्या ताकदी, आणि प्रत्येक वर्गाला लढाईतली ठरलेली भूमिका. आरोपात तथ्य होते. परंतु त्या आधीच्या तिसऱ्या आवृत्तीत काय होत होते ते लोक सोयीस्कर विसरतात. दहाव्या लेव्हलच्या पुढे जादूगार उडतो, अदृश्य होतो, दार न उघडता पलीकडे जातो आणि एका स्पेलमध्ये लढाई संपवतो. फायटर मात्र तलवार मारतो, आणि पुढच्या पाळीत पुन्हा तलवार मारतो. चौथ्या आवृत्तीत फायटरला प्रथमच काही करण्यासारखे मिळाले. तो शत्रूवर खूण करी, आणि खूण झालेल्या शत्रूने दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर त्याला नेम चुकण्याचा दंड बसे आणि वर फायटरचा वारही खावा लागे. डीएमच्या दृष्टीने तर ती सर्वांत दयाळू आवृत्ती. राक्षसाची सगळी माहिती एका चौकटीत, स्पेलसाठी दुसरे पुस्तक उघडायला नको, आणि एका हिट पॉइंटचे मिनियन असल्यामुळे वीस गॉब्लिनांची टोळी आणली तरी हिशेब ठेवावा लागत नाही.

तिचा घात नियमांपेक्षा तिच्याभोवतीच्या निर्णयांनी केला. फरगॉटन रेल्म्स या खेळातल्या काल्पनिक जगाचा काळ एकदम सुमारे शंभर वर्षे पुढे ढकलला, त्यामुळे ज्यांनी त्या जगावर वर्षानुवर्षे प्रेम केले त्यांची ओळखीची माणसे आणि गावे एका फटक्यात इतिहासजमा झाली. गंमत म्हणजे जी आवृत्ती सर्वांना नकोशी होती तिच्या वस्तू आता एकेक करून परत येत आहेत. अर्धे हिट पॉइंट गेले की ‘ब्लडिड’ ही तिची संज्ञा २०२४ च्या पुस्तकात आहे. आमचे २०१४ वाले मित्र ज्या विश्रांतीत हिट डाइस (बरे होण्याचे राखीव फासे) खर्च करून बरे होतात, तिचा पूर्वजही चौथीतच सापडतो. त्यांना हे सांगू नका, नाहीतर ते बरे व्हायचे थांबतील.

कापूरबावडी

वाद रंगला आहे, पण आवृत्त्या मरत का नाहीत याचे कारण अजून कोणी सांगितलेले नाही, आणि ते कारण कायदेशीर आहे.

१९८९ मध्ये अॅडव्हान्स्डची दुसरी आवृत्ती आली, त्या वेळी अमेरिकेतल्या काही धार्मिक गटांच्या ओरडीमुळे तिच्यातून डेमन आणि डेव्हिल ही नावे काढून त्यांना वेगळी नावे दिली गेली, अॅसॅसिन हा वर्ग वगळला गेला, आणि चिडलेल्या जुन्या खेळाडूंना आपली जीर्ण पुस्तके सांभाळत बसण्यावाचून पर्याय नव्हता. पुस्तके छापायची बंद झाली की आवृत्ती हळूहळू संपे. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने टीएसआर विकत घेतली, आणि २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीबरोबर ओपन गेम लायसन्स आणले. त्या परवान्याखाली नियमांचा गाभा कोणालाही वापरून स्वतःचे पुस्तक विकता येऊ लागले. याचा परिणाम कंपनीलाही पुरता उमगला नसावा. आवृत्ती कंपनीच्या हातातून कायमची सुटली.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा तिच्याबरोबरचा परवाना बराच जाचक होता. पैझो ही कंपनी त्याआधी ड्रॅगन आणि डन्जन ही मासिके काढत असे. २००७ मध्ये ती मासिके तिच्याकडून काढून घेतली गेली होती. तिने जुन्या परवान्याच्या आधारे ३.५ चेच, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित रूपाचेच, नियम डागडुजी करून, लोकांकडून उघडपणे तपासून घेऊन, २००९ मध्ये पाथफाइंडर म्हणून प्रसिद्ध केले. म्हणजे त्या वेळच्या फुटीर पक्षाला स्वतःचे छापखाने मिळाले. जुन्या खेळाच्या भक्तांनी तर आणखी गमतीदार काम केले. २००६ मधल्या ओएसआरआयसीने आणि नंतरच्या अशा अनेक पुस्तकांनी तिसऱ्या आवृत्तीचा परवाना घेऊन त्यातून जुन्या आवृत्त्यांचे नियम पुन्हा उभे केले. नौपाडकर ज्या टेबलावर खेळतात तिथे आज नवे छापील पुस्तक मिळते, ते या मार्गाने.

जानेवारी २०२३ मध्ये त्या परवान्याच्या जागी येणाऱ्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. जुना परवाना रद्दबातल ठरवण्याची भाषा त्यात होती, आणि साडेसात लाख डॉलरवरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा मागितलेला होता. तेव्हा जे झाले ते मला आजही आठवते : एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे ३.५ वाले, पाथफाइंडरवाले, पाचवीवाले आणि जुनाट पंथाचे लोक एका सुरात बोलू लागले, कारण सगळ्यांची घरे त्याच एका जमिनीवर बांधलेली होती. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचा नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. तो आता परत घेता येत नाही. पैझोने तरीही भरवसा ठेवला नाही आणि पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीची पुस्तके त्याच वर्षाच्या अखेरीस जुन्या परवान्याशी संबंध तोडून ‘रीमास्टर’ म्हणून नव्याने काढली. त्यामुळे आमच्या माजिवड्याच्या टेबलावर आता ‘रीमास्टरपूर्व’ आणि ‘रीमास्टरोत्तर’ असा आणखी एक उपपंथ सुरू झाला आहे, तो वेगळा.

नवखी_खारघर

मी अजून एकदाही खेळलेले नाही. वरचे सगळे वाचले आणि निम्मे कळले. एक छापील पुस्तक घ्यावे असा विचार होता, परंतु आता भीती वाटते की जे घेईन त्याला कोणीतरी नावे ठेवील. कोणते घेऊ?

खाडीपल्याड

सध्या कोणतेही घेऊ नका. पाचव्या आवृत्तीचा गाभा, २०१४ चा आणि २०२४ चा दोन्ही, कायदेशीररीत्या फुकट उतरवून घेता येतो आणि पहिल्या काही महिन्यांना तो पुरतो. अमेरिकेत ज्या पुस्तकाची छापील किंमत सुमारे पन्नास डॉलर आहे ते इथे येईपर्यंत स्वस्त होत नाही. फाशांचा एक संच घ्या आणि ज्या टेबलावर जागा आहे तिथे बसा. त्या टेबलाचा डीएम जे पुस्तक वापरतो ते तुमचे पुस्तक.

ऐरोली_सेक्टर

सहमत. आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. खारघरहून ऐरोली थोडे आडवळणाचे पडेल, पण गाडी बदलावी लागली तरी येता येईल. व्यक्तिगत निरोप पाठवते.

बेलापूर_किल्ला

एक बाजूचा मुद्दा, धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नासाठी. आम्ही कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा खेळ खेळतो, १९२० च्या दशकातल्या मुंबईत. गोदी, गिरण्या, गिरगावातली चाळ, आणि तळघरात जे असू नये ते. हा खेळ १९८१ पासून आहे, त्याची सातवी आवृत्ती २०१४ मध्ये आली, आणि तरीही आमच्यात आवृत्तीवरून कधी आवाज चढलेला नाही. कारण आवृत्त्यांमधला फरकच बेताचा आहे. सातवीत सर्वांत मोठा बदल म्हणजे पात्राचे मूळ गुण पाचाने गुणून टक्क्यांत आणले आणि बोनसचा व दंडाचा फासा आला. १९८० च्या दशकातले साहस काढा, आकडे पाचाने गुणा, खेळायला बसा. ज्यांना फूट नको आहे अशा प्रकाशकांनी हे पाहावे. अर्थात दर काही वर्षांनी तीच तीन जाड पुस्तके नव्याने विकण्याची सोय त्यात राहत नाही.

चौथा_मजला

बेलापूर, तुमची पात्रे बहुधा वेडी होऊन संपतात किंवा मरतात. नव्या आवृत्तीत आपले पात्र कमजोर झाले म्हणून रागवायला ती शिल्लक तर राहिली पाहिजेत.

कापूरबावडी

पुस्तकांच्या मालकीवर कोणी बोलले नाही म्हणून भर घालतो. ऑगस्ट २०२४ मध्ये डीएनडी बियॉन्ड या अधिकृत संकेतस्थळाने जाहीर केले की लोकांच्या डिजिटल पात्र-कागदांवरचे २०१४ चे स्पेल आणि जादुई वस्तू यांच्या जागी २०२४ चे येतील. ज्यांनी पैसे मोजून जुनी पुस्तके तिथे घेतली होती त्यांना चालू कॅम्पेनच्या (अनेक बैठकींत चालणाऱ्या सलग कथेच्या) मध्यावर बदललेले नियम मिळाले असते. ओरड झाली आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. आमच्या गटातल्या ज्या मंडळींनी नवी आवृत्ती घेणार नाही असा पण केला, त्यांतल्या अर्ध्यांचे कारण हे आहे. त्यांनी नवे पॅलाडिनचे पान वाचलेलेही नाही. पारसिक म्हणतात ती धास्ती पोकळ नाही. कपाटातले पुस्तक कोणी रात्रीतून बदलत नाही. नौपाडकरांच्या पंथाला मी एवढ्यापुरता वंदन करतो.

नौपाडकर

वंदन स्वीकारले. एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण गटावर तो वारंवार वाचतो : जुन्या आवृत्तीतला थॅको हे अवघड गणित आहे. थॅको म्हणजे आर्मर क्लास (बचावाचा आकडा, जुन्या आवृत्तीत जितका कमी तितका चांगला) ० असलेल्याला घाव लागायला फाशावर हवा असलेला आकडा. दुसऱ्या आवृत्तीतल्या पाचव्या लेव्हलच्या फायटरचा थॅको १६ असतो. समोरच्याचा आर्मर क्लास ४ असला तर १६ वजा ४, म्हणजे १२ किंवा जास्त पडले की घाव लागला. आजच्या पद्धतीत मांडायचे तर तोच फायटर अधिक ४ आणि समोरचा आर्मर क्लास १६. पुन्हा १२ च हवेत. उत्तर एकच आहे. फक्त एकात वजाबाकी आहे आणि दुसऱ्यात बेरीज, आणि लोकांना वजाबाकीचा राग येतो.

ऐरोली_सेक्टर

आर्मर क्लास उणे ३ झाला की ती वजाबाकीही राहत नाही, हे आपण सोयीस्कर विसरलात. लढाईच्या ऐन मध्यात, रात्री साडेदहाला, शेवटची गाडी गाठायची असताना १६ वजा उणे ३ किती हे विचारून पाहा.

सोसायटीतल्या कॅरमवर राणी कव्हर करण्याचा नियम प्रत्येक इमारतीत वेगळा असतो, आणि तरी पाहुणा आला की ‘तुमच्याकडे कसे खेळता’ एवढे विचारून तो स्ट्रायकर उचलतो. आपल्या छंदात तेवढे विचारण्याचा रिवाज पडला नाही, कारण आपल्या नियमांवर लेखकाचे नाव, कंपनीचा शिक्का आणि किंमत छापलेली असते.

पारसिक

सर्वांचे आभार. विशेषतः खाडीपल्याड यांच्या दोन पॅलाडिनांमुळे बराच प्रकाश पडला, कारण आमच्याकडेही नेमका तोच खटका उडालेला होता आणि आम्ही तो तत्त्वाचा प्रश्न समजून भांडत होतो.

गटाशी बोलून ठरवले ते सांगतो. यापुढे आवृत्ती गटाची नसेल, कॅम्पेनची असेल, आणि ती निवडण्याचा हक्क जो डीएम म्हणून तयारी करतो त्याचा. खेळाडूने आपले पात्र कोणत्याही पुस्तकातून आणावे, पण एका वर्गाची दोन पात्रे टेबलावर असतील तर दोन्ही एकाच पुस्तकातली हवीत. कॉन्ज्युअर अॅनिमल्स सर्वांसाठी २०२४ चा. पुस्तकावरून वाद निघाला की डीएमने तिथल्या तिथे निर्णय द्यायचा, आणि पुस्तक उघडायचे ते सेशन संपल्यावर. पुढच्या वेळेपासून पुस्तकातले लागू. ऐरोली_सेक्टर यांच्या भावाच्या उदाहरणावरून एक कलम वाढवले : डीएमचा निर्णय तीन खेळाडूंना अन्यायाचा वाटला तर फासा पुन्हा टाकायचा. या कलमाला आमच्या २०२४ पक्षातून कडाडून विरोध झाला आणि तो अजून शमलेला नाही.

नेरूळच्या टेबलाशीही बोललो. महिन्यातला एक रविवार तिकडे सर्वांनी जायचे आणि १९८१ चे नियम खेळायचे, असा प्रस्ताव आहे. २०१४ पक्षाचे म्हणणे आहे की पहिल्याच दालनात मरायला एवढ्या लांब कोण जाईल.

खाडीपल्याड

अचानक गाठल्याचा नियम कोणता ठेवला? २०१४ मध्ये बेसावध पात्राची पहिली पाळी पूर्ण बुडते, २०२४ मध्ये फक्त इनिशिएटिव्हवर (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशावर) डिसअॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा घ्यावा लागतो. दोन्ही पुस्तकांची पात्रे एका दबा-हल्ल्यात सापडली की हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार.

पारसिक

२०२४ चा. पाळी पूर्ण बुडाली की खेळाडू मोबाइल काढतो आणि तो पुन्हा खिशात जात नाही.

नौपाडकर

१९८१ मध्ये दोन्ही बाजूंसाठी सहा-बाजूंचा एकेक फासा टाकतात. १ किंवा २ पडले तर ती बाजू बेसावध. प्रश्न मिटला. तुमच्या प्रस्तावातल्या रविवारी येताना प्रत्येकाने दोन-दोन पात्रे तयार करून आणावीत, एवढे सांगून ठेवा.